जूनमध्ये आठवडाभर निव्वळ आराम : कुठला देश, कुठलं गाव? (नागपूरहून)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसहाला नाश्ता, सातला बस. बसमध्ये डुलक्या, उतरलं की फोटो, परत बस. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला तळ्याकाठी चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली अर्धी बाथरूमच्या रांगेत गेली. घरी आल्यावर यजमान म्हणाले, आता खरी सुट्टी पाहिजे.

म्हणून यंदा एकच देश, जमलं तर एकच गाव. खायचं, झोपायचं, संध्याकाळी जरा पाय मोकळे करायचे. ८ ते २२ जूनच्या मधले आठ-नऊ दिवस. आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तेवढं जमतं. यजमानांचे गुडघे कुरकुरतात, मी पूर्ण शाकाहारी, आणि मे महिना इथे काढल्यावर उन्हाचं नावही नको. खर्च मध्यम. 'अमुक दहा ठिकाणं' असल्या याद्या भरपूर वाचून झाल्या, त्या नकोत. स्वतः राहून आलेल्यांनी सांगा.

वऱ्हाडी_पावशेर

काहून ताई, येवढ्या दूर कायले जाता? आरामच करायचा हाय तं नागझिऱ्याले जा. तिथं ना टीव्ही, ना गोंगाट, तळ्याच्या काठावर बसा अन् सांबर पाणी प्यायले येते ते पाहा. पासपोर्ट नाई, विसा नाई. माह्या बायकोले मी दरसाल तिथंच नेतो, ते काई बोलत नाई.

बिनसाखरेचा_चहा

पावशेर भाऊ, काही बोलत नाही म्हणजे आवडलं असं नसतं 😄

वऱ्हाडी_पावशेर

आता तुमी भांडण लावता काय.

सहकारनगर_काका

संत्राबर्फी ताई, तारखा आधी दिल्या हे फार बरं केलंत. बहुतेक लोक आधी देश ठरवतात आणि मग तिथे पाऊस आहे का ते बघतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून उलटं करतो. जून म्हणजे आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस. तो कोणाकोणाला झोडपतो आणि कोण त्याच्या आडोशाला बसतं, एवढं बघितलं की अर्धी यादी आपोआप गळते.

थायलंडचा फुकेतचा किनारा, लाओस, म्यानमार, भूतान या सगळ्यांकडे जूनमध्ये पाऊस. जपानमध्ये 'त्सुयु' नावाचा त्यांचा पावसाळा साधारण याच महिन्यात. मालदीवलाही नैर्ऋत्य वारे सुरू झालेले असतात, समुद्र खवळलेला. जाऊ नये असं नाही, स्वस्तही मिळतं, पण सात दिवसांतले चार खिडकीतून पाऊस बघण्यात गेले तर तक्रार करू नका.

आडोशाला कोण? एक, बाली. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू. दोन, मॉरिशस. विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे जून म्हणजे त्यांचा हिवाळा. आणि तीन, जे कोणाच्या लक्षात येत नाही ते, श्रीलंकेची पूर्व बाजू. कोलंबो-गॉलच्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये लाटा आणि पाऊस. तेच ढग मधल्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडे त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे इथे समुद्र शांत होतो. त्यांचा हंगामच मे ते सप्टेंबर.

मी त्रिंकोमालीच्या उत्तरेला निलावेलीला राहिलो होतो. पाणी इतकं उथळ आणि संथ की पोहता न येणारा माणूसही छातीभर पाण्यात उभा राहून गप्पा मारतो. समोर पिजन आयलंड, तिथे होडीने जाऊन पाण्यात तोंड घातलं की पोवळी आणि रंगीत मासे. त्रिंकोमाली गावात कडेलोट उंचीच्या खडकावर कोणेश्वरम् हे शंकराचं देऊळ. तमिळ वस्ती असल्याने इडली, डोसा, इडिअप्पम (तांदळाच्या शेवया) रोज सकाळी ताजं. शाकाहाऱ्याची मुळीच अडचण नाही.

पण ऊन आहे. पारा पस्तिशीच्या आसपास जातो. नागपूरच्या पंचेचाळीसवाल्याला ते थंड वाटेल असं म्हणणारे भेटतील, दमट हवेत तसं वाटत नाही. संध्याकाळचा वारा मात्र छान.

गोदाकाठ

लाओस पावसात वाया जातं हे मान्य नाही. लुआंग प्रबांग हे गाव मेकाँग आणि नाम खान नद्यांच्या संगमावर आहे, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत. पाऊस बहुतेक दुपारी येतो, तासाभरात जातो, आणि क्वांग सी धबधब्याला खरं पाणी तेव्हाच असतं. उलट मार्च-एप्रिलमध्ये शेतं जाळतात त्याचा धूर इतका असतो की डोंगर दिसत नाहीत.

तिथे मी काय केलं? सकाळी भिक्खूंची रांग भिक्षेला निघते ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभं राहून बघितली (जवळ जाऊन, फ्लॅश मारून फोटो काढणारे पर्यटक बघून लाज वाटते), मग कॉफी, मग नदीकाठच्या ओसरीत पुस्तक. गावात घाई कोणालाच नाही. डिसेंबर २०२१ पासून रेल्वे सुरू झाल्याने राजधानी व्हिएन्तिआनहून दोनेक तासांत पोहोचता येतं, पूर्वी तो रस्ता जीव काढायचा.

संत्राबर्फी

गोदाकाठ, वाचूनच छान वाटलं. पण शाकाहाराचं काय? तिथे माशाचं पाणी सगळ्यात घालतात ना?

गोदाकाठ

हो, घालतात. चिकट भात, भाज्या, टोफू मिळतं, पण प्रत्येक वेळी विचारावं लागेल. त्याचा कंटाळा येणार असेल तर आराम कसला.

बिनसाखरेचा_चहा

मी एकटी फिरते, बालीला राहून आले. उबुदचं नाव सगळे घेतात, पण उबुदच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी उभं राहिलात तर आपल्या सीताबर्डीच्या गर्दीची आठवण येईल. आराम हवा तर पूर्वेला सिडेमेन. भाताची खाचरं, समोर आगुंग ज्वालामुखी, दरीतून नदीचा आवाज. किंवा उत्तरेला डोंगरात मुंडुक, तिथे रात्री शाल लागते. शाकाहारी खाणं बालीत सोपं, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) कुठेही मिळतं. फक्त झिंग्याची चटणी घालू नका हे आधी सांगायचं. चालण्याचे रस्ते मात्र चढउताराचे, गुडघ्यांचा विचार करा.

एक अवांतर. बालीत नववर्षाला न्येपी नावाचा दिवस असतो. घरात दिवा नाही, काम नाही, बाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पर्यटकांनी हॉटेलच्या आतच राहायचं, रस्त्यावर गावातले रखवालदार फिरतात. हे वर्ष ते शक संवत्सराने मोजतात. २०२६ मध्ये त्यांची न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, आणि दोघांचंही शके १९४८! आपण पाडव्याला ढोलताशे लावतो, ते बेटच्या बेट गप्प करतात. मला तर त्यांची पद्धत जास्त पटली. ताईंच्या जूनशी याचा संबंध नाही, पण कुणाला मार्चमध्ये जमत असेल तर.

आल्प्सवेडा

कोणीच स्वित्झर्लंड म्हटलं नाही? इंटरलाकेनमध्ये न राहता वर वेंगेन किंवा म्युरेनला राहा. दोन्ही गावांत मोटारी नाहीत, वर जायला रेल्वे नाहीतर केबल कार. म्युरेनच्या खाली गिमेलवाल्ड म्हणून इवलंसं गाव आहे, तिथे बिनदुकानदाराचं दुकान आहे. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. जूनमध्ये कुरणं फुलांनी भरलेली असतात.

संत्राबर्फी

आल्प्सवेडा, तुमचं खरं असेल, पण यजमानांसमोर 'युरोप' शब्द काढला की ते उठून आत जातात.

तांपेरेकर

तरीही युरोपच सुचवतो, कारण मी राहतो तिथेच. मूळचा नागपूरच्या धरमपेठेतला, आता फिनलंडमध्ये तांपेरेला. हे शहर स्वतःला जगाची सौना राजधानी म्हणवतं. सौना म्हणजे गरम वाफ घ्यायची लाकडी खोली. पंचावन्न-छप्पन लाख लोकांच्या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, सौना संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

इथली सुट्टी म्हणजे म्योक्की. तळ्याकाठी लाकडी झोपडी भाड्याने घ्यायची. काही ठिकाणी नळ नाही, पाणी तळ्यातून आणायचं, संडास बाहेर. संध्याकाळी सौना पेटवायची. तापलेल्या दगडांवर पळीने पाणी टाकलं की जी वाफ अंगावर येते तिला 'लोयल्यु' म्हणतात. पहिल्यांदा नाक जळतं, मग खांदे सैल पडतात. बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी करून अंगावर हलके फटके मारतात. मग थेट तळ्यात उडी. बोलायचं फार नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही. नागपुरी माणसाला हेच जड जातं. माझे बाबा आले होते, दुसऱ्या दिवशी शेजारच्या झोपडीत जाऊन 'नमस्कार' म्हणून आले. शेजारी घाबरला.

जूनमधली एक गंमत आणि एक त्रास. गंमत अशी की काळोख होतच नाही. सूर्य अकराच्या पुढे मावळतो आणि आकाश उजळच राहतं. त्रास असा की झोप येत नाही, डोळ्यांवरची पट्टी आणा. डासही आणि त्यांची भूकही मोठी. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात युहान्नुस हा सण येतो, तेव्हा शहरं ओस पडतात, झोपड्या महिनोन् महिने आधी भरतात आणि दुकानं बंद असतात. किराणा आधी भरून ठेवावा लागतो.

सहकारनगर_काका

सुंदर लिहिलंत. पण ताईंना नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून हेलसिंकी, मग तांपेरे. जाण्यायेण्यात तीन दिवस. आठ दिवसांसाठी माझ्या हिशेबात बसत नाही. शिवाय युरोपच्या शेंगेन व्हिसाची तारीख मिळवणं हाच एक वेगळा ताप. पंधरा-वीस दिवस असतील तर जरूर.

तांपेरेकर

मान्य. पंधरा दिवसांखाली येऊ नका.

कामठी_रोड

जपानचं नाव काकांनी पावसावरून काढलं. मी कोयासानला राहिलो ते पावसातच. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून रेल्वे, शेवटी उभ्या चढाची केबल कार, आणि वर आठशे मीटरच्या आसपास उंचीवर देवळांचं गाव. कोबो दाइशी म्हणजे कुकाई या बौद्ध भिक्खूंनी नवव्या शतकात वसवलेलं. तिथली पन्नासेक देवळं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात. आमच्याकडे कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघून जपानी देऊळ म्हणजे काय याची थोडी कल्पना होती, पण तिथे राहणं वेगळं.

जेवण देवळातच. शोजिन र्योरी, म्हणजे भिक्खूंचा शाकाहार. मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही, रस्सा समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या मशरूमचा. गोठवून वाळवलेल्या टोफूला त्या डोंगरावरूनच कोया-दोफू नाव पडलंय. स्पंजसारखा, दाबला की रस्सा तोंडात. जेवण साडेपाच-सहाला, रात्री दार लवकर बंद, सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना. ओकुनोइन नावाची दफनभूमी आहे, दोन लाखांहून जास्त स्मारकं, उंच देवदारांखाली, शेवाळलेली. पावसात ती जास्त चांगली दिसते, हे काकांना सांगायचं होतं.

पण ताई, गुडघे. सगळं जमिनीवर, चटईवर बसून. काही ठिकाणी बुटकी खुर्ची देतात, आधी विचारून घ्या.

संत्राबर्फी

मंडळी, एक बदल. काल रात्री जेवताना विषय निघाला आणि सासूबाई म्हणाल्या, 'मीही येते.' वय चौऱ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, पण चालणं बेताचं. संडास पाश्चात्त्य पद्धतीचा हवा. रोज दुपारी दीडला वरणभात नसला तरी वरणभातासारखं काहीतरी हवं. मला मनापासून बरं वाटलं, कारण त्या सोबत असल्या की यजमान वेळापत्रक करत नाहीत.

बिनसाखरेचा_चहा

मग सिडेमेन रद्द. मुंडुक तर नाहीच.

वऱ्हाडी_पावशेर

नागझिरा पन रद्द. जिपमंधी हाडं खिळखिळी होतात. मी खोटं सांगत नाई.

खाऱ्या_पाण्याचा_मासा

मालदीवचं एक वाक्य: रिसॉर्टऐवजी स्थानिक लोकांच्या बेटावरचं गेस्टहाऊस घेतलं तर खर्च निम्म्याहून खाली येतो, माफुशी, उकुलहास, धिगुरा वगैरे. दारू नाही, पोहण्याच्या कपड्यांत वावरायला वेगळा किनारा ठरवलेला. पण आजी, जून आणि स्पीडबोट एकत्र नको.

पोर्ट_लुईस_व्हाया_वर्धा

आता मला बोलू द्या. नोकरीनिमित्त काही वर्षं मॉरिशसला होते. सासूबाईंसाठी याहून सोपी जागा मला सुचत नाही.

मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. भारतीय पासपोर्टला उतरल्यावर फुकट प्रवेश मिळतो, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवायचा. घड्याळ फक्त दीड तास मागे, त्यामुळे झोपेचं गणित बिघडत नाही. जूनमध्ये दिवसा तेवीस-पंचवीस अंश, रात्री पातळ शाल.

कुठे राहायचं हे मात्र नीट बघा. एजंट पूर्वेच्या बेल मारचं हॉटेल गळ्यात मारतात, कारण हिवाळ्यात तिथे भाव पडतात. पडतात कारण आग्नेयेकडून वारा येतो तो थेट त्या किनाऱ्यावर. खुर्चीत बसलात तर टोपी उडते. मधल्या पठारावर क्युरपिपला रिमझिम आणि गारठा. तुम्ही पश्चिमेला राहा, फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारँ. डोंगर वारा अडवतात, ऊन असतं, प्रवाळाच्या भिंतीमुळे आतलं पाणी संथ. दक्षिणेला ल मोर्नचा डोंगर दिसतो. पळून आलेले गुलाम तिथे लपत, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने तो यादीत घेतला. समुद्राचं पाणी मात्र जूनमध्ये थोडं गार, सासूबाई पाय बुडवून येतील एवढंच.

खाण्याचं. रस्त्यावर धोल पुरी मिळते. चणाडाळ भरलेली मऊ, पातळ पोळी, दोन-दोनची जोडी, त्यात रस्सा आणि चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. गाडीवर उभं राहून खायची. पुरणपोळीत गूळ घालायला विसरलेत असं आईंना वाटेल, पण खातील. किराणा दुकानात तूरडाळ, हिंग, तांदूळ सगळं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, वरणभाताचा प्रश्न सुटला.

आणि मराठी माणसं! एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून जे नेले त्यांत कोकणातले बरेच. त्यांचे वंशज पश्चिमेला आहेत, कास्काव्हेलला मराठी देऊळ आहे, शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. घरात आता क्रेओल ही तिथली भाषा बोलतात, मराठी सगळ्यांना येईलच असं नाही. पण देवळात आरती सुरू झाली की शब्द ओळखीचे. माझ्या आईने तिथल्या एका आजीबरोबर अर्धा तास गप्पा मारल्या, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत होतं.

गर्दी नको असेल तर मॉरिशसहून दीडेक तासाच्या विमानाने रॉड्रिग्ज बेट. तिथे तर काहीच घडत नाही. पण वारा तिथेही आहे, आणि सासूबाईंना घेऊन आणखी एक विमान कशाला.

सहकारनगर_काका

माझं मत मॉरिशसला. श्रीलंकेचा पर्याय सोडायचा नसेल तर किनाऱ्याऐवजी बंडारवेला घ्या. बाराशे मीटरच्या आसपास उंची, डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर, त्यामुळे जूनमध्ये तिथल्याच नुवारा एलिया या थंड हवेच्या गावापेक्षा बराच कोरडा. त्या भागाला उवा म्हणतात, जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या वाऱ्यामुळे तिथल्या चहाला वेगळा स्वाद येतो. विमानाचा प्रवास थोडा, मोटारीने मात्र कोलंबोहून घाटातून पाच-सहा तास. आणि जूनच्या पौर्णिमेला पोसोन असतं, अशोकाचा मुलगा महिंद श्रीलंकेत आला त्या दिवसाचा उत्सव. अनुराधापूर-मिहिंतले बाजूला तेव्हा रस्ते तुडुंब. त्या बाजूने जाणार असाल तर पौर्णिमेची तारीख बघून निघा.

वऱ्हाडी_पावशेर

ताई, तिकिटाचे पैसे? तिघायचे?

पोर्ट_लुईस_व्हाया_वर्धा

भाऊ, आकडा रोज बदलतो, उगीच लिहीत नाही. पण एक फायदा आहे. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा तिकडची कुटुंबं परत फिरलेली असतात. विदर्भवाल्यांना त्यानंतरचा एक आठवडा मिळतो. १५ ते २२ बघा, ८ ते १५ नको. हॉटेलंही तेव्हा घासाघीस करू देतात.

कामठी_रोड

हे माहीत नव्हतं. आपल्या उन्हाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

संत्राबर्फी

सगळ्यांचे आभार. घरात मतदान झालं. सासूबाईंना मराठी देऊळ ऐकूनच मॉरिशस पक्कं वाटतंय, यजमानांना 'बस नाही ना?' एवढंच विचारायचं होतं. तामारँला स्वयंपाकघरवाली दोन खोल्यांची जागा बघतेय, १५ ते २२. बंडारवेला पुढच्या वेळी, तेव्हा काकांना व्यक्तिगत निरोप करीन.

पोर्ट_लुईस_व्हाया_वर्धा

तळमजला मागा. आणि तिकीट काढण्याआधी तिघांच्या पासपोर्टची मुदत बघा, प्रवासानंतर सहा महिने शिल्लक असलेली बरी. विमानतळावर वाद नको.

संत्राबर्फी

आत्ताच बघितली. माझा आणि आईंचा ठीक. यजमानांचा नोव्हेंबरमध्ये संपतोय. ते म्हणतात, 'मग तुम्ही दोघी जाऊन या, मी इथेच आराम करतो.' उद्या सकाळी नूतनीकरणाचा अर्ज भरायला बसवते त्यांना.